पाच हजार सातशे वर्षांचा धूर

"आधीच सांगून ठेवतो मॅडमबाई, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझा सोत्ताचा आठ दिवस बसला नव्हता," असं म्हणून गुरलिंगअप्पा हालकुडे यांनी प्रयोगशाळेतली एकुलती एक धड खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यावर चक्क मांडी घालून बसले.

रेणुका दहिफळेला विश्वासाचं काही पडलेलं नव्हतं. तिच्यासमोर पडद्यावर एक आकडा होता, आणि तो तिला कळत नव्हता.

उदगीरच्या त्या धूरपरीक्षण केंद्रात ती धूरमापन अधिकारी होती. काम तसं डोकं न लावता होणारं. डिझेलचे पंप बंद होऊन बारा वर्षं झाली होती. जुन्या गाड्या ज्यांना सोडवत नव्हत्या, त्यांना त्या वनस्पती तेलावर चालवायची मुभा होती. करडई, सोयाबीन, करंज, घरात भजी तळून उरलेलं, काहीही चालायचं. अट एकच, वर्षातून एकदा धूर तपासून घ्यायचा. झाडाच्या तेलाचा निघाला तर परवाना. खनिज तेलाचा निघाला तर गाडी आवारातल्याच दाबयंत्रात, आणि हे यंत्र अख्खा ट्रक चेपून कपाटाएवढा करून द्यायचं.

तपासणीला धूम्रवयमापक होता. सायलेन्सरला नळी जोडायची, चार मिनिटं थांबायचं, की तो धुरातल्या कार्बनचं वय सांगायचा. नोकरीच्या तीन वर्षांत रेणुकानं त्याची दोनच उत्तरं पाहिली होती, 'या वर्षीचा' किंवा 'मोजता येणार नाही इतका जुना'. आणि आज अप्पांच्या खाकी जीपला नळी लावली, तर यंत्र म्हणालं, पाच हजार सातशे वर्षं.

तिनं नळी धुतली, पुन्हा मोजलं. पाच हजार सातशे. रांगेतल्या एका टेम्पोला लावून पाहिलं, तर तिथं मुकाट 'या वर्षीचा'. परत जीप. पाच हजार सातशे. यंत्र शुद्धीवर होतं. मग बिघडलंय कोण, हे तिला ठरवता येईना.

"त्याचं असं झालं," अप्पांनी सुरुवात केली.

अप्पांचा लाकडी तेलघाणा होता, तीन पिढ्यांचा. गेल्या पावसाळ्यात नव्या घाण्यासाठी खड्डा खणताना म्हणे कुदळ ठण्ण करून वाजली. खाली रांजण. पुरुषभर उंच, तोंडाला लाख आणि मेण. लाख फोडली तशी सगळ्या गल्लीत करडईच्या तेलाचा वास सुटला, आणि गल्लीतल्या तीन म्हाताऱ्यांना एकाच वेळी आपापलं माहेर आठवलं. आत तेल, मधासारखं. खायचं धाडस कोण करणार? मग अप्पांनी ते जीपला पाजलं. जीप अडतीस वर्षांची, दम्याच्या रोग्यासारखी खोकणारी. तेल पोटात गेलं आणि बालाघाटाचा चढ ती तिसऱ्या गिअरमध्ये चढली. हॉर्न दाबला तर देवळातल्या घंटेसारखा वाजला. रोज अंगावर धावून येणारी कुत्री रस्त्याच्या कडेला बसून राहिली, आणि त्यांतल्या एकानं तर मान खाली घातली.

"कुत्र्यानं?" रेणुकानं विचारलं.

"त्याला काय कळालं ते मला ठावं नाय. मी दिसलं ते सांगतो."

केंद्राचे प्रमुख डॉ. काझी तोपर्यंत दारात येऊन उभे राहिले होते. त्यांची हयात हाडं आणि कोळसे यांची वयं काढण्यात गेली होती. निवृत्तीच्या तोंडावर त्यांना इथं धुराच्या कामावर आणून बसवलं होतं, आणि याचं दुःख ते कुणापासून लपवत नसत. आकडा पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा आकडा पाहिला.

अप्पांनी भाबडेपणानं विचारलं, की ह्या डबड्याला धुराचं वय कळतं तरी कसं.

काझींना कुणी तरी विचारण्याचीच खोटी होती. त्यांनी सांगितलं, की हवेत दोन तऱ्हेचा कार्बन असतो. एक साधा, आणि दुसरा अगदी किंचित, अस्थिर, त्याला ते जिवंत कार्बन म्हणत. झाड उभं असतं तोवर हवेतून दोन्ही घेतं. झाड मेलं की घेणं बंद, आणि आतला जिवंत कार्बन आपोआप सरत जातो. पाच हजार सातशे वर्षांत निम्मा सरतो. पुढच्या तेवढ्याच वर्षांत उरलेल्याचा निम्मा. खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून असतं, त्यात काहीच उरत नाही. "यंत्र फक्त मोजतं, किती उरलाय. बाकी गणित," ते म्हणाले.

"म्हणजे तेल सरतं तसंच," अप्पा म्हणाले.

"अगदी तसंच."

रेणुकाला गणित पाठ होतं. तिचा गोंधळ वेगळ्याच ठिकाणी होता. इतक्या वर्षांपूर्वी या भागात कुणी करडई पेरत होतं, असा काही पुरावा तिच्या वाचनात नव्हता. घाणा तर दूरच. शिवाय इतकी वर्षं तेल खवट न होता राहिलं कसं? पण नियमांच्या पुस्तकात नवं आणि खनिज असे दोनच रकाने होते. प्राचीन असा रकानाच नव्हता. खनिज म्हणावं तर जीप दाबयंत्रात जायची, आणि यंत्र तर खनिज म्हणत नव्हतं. तिनं पंधरा दिवसांचा तात्पुरता परवाना लिहिला. अप्पांनी तो घडी करून टोपीत ठेवला आणि बाहेर जाऊन जीपच्या बॉनेटवर हात फिरवला. दाबयंत्र त्या वेळी एका मेटॅडोरचा चुरा करत होतं. अप्पांनी तिकडे पाठ केली होती. बायको गेल्यापासून घरात ह्या जीपशिवाय आपल्याशी कुणी बोलत नाही, असं ते जाताजाता म्हणाले. ते तेवढं रेणुकाला खरं वाटलं, आणि त्यामुळे बाकीचंही थोडं थोडं खरं वाटू लागलं.

पंधरा दिवसांत काझी तरुण झाले. पुण्याच्या दोन विद्वानांना त्यांनी फोन केले. एकानं त्यांचं अभिनंदन केलं, दुसऱ्यानं त्यांना झोप घ्यायला सांगितलं. रांजण पाहायला मिळेल का, असं त्यांनी अप्पांना विचारलं. अप्पा हळहळले. तो हवा लागताच विरला म्हणाले, पापडासारखा. उरलेलं तेल डब्यांत भरून ठेवलंय.

दुसऱ्या तपासणीला अप्पा सकाळी सातलाच आले. डिसेंबरचा गारठा असा, की आवारातल्या नळाचं पाणी बोटांना चावत होतं. रांगेतल्या गाड्यांची तेलं थिजली होती. कुणी इंजिनवर गरम पाण्याची किटली ओतत होतं, कुणी धक्का मारायला माणसं गोळा करत होतं. अप्पांनी जीप बंद केली होती. नळी जोडून झाल्यावर त्यांनी किल्ली फिरवली, आणि ती पहिल्याच झटक्याला सुरू झाली.

चार मिनिटांनी यंत्र म्हणालं, अकरा हजार चारशे वर्षं.

रेणुका खुर्चीवर बसली. एकाच गाडीचा धूर पंधरा दिवसांत पाच हजार सातशे वर्षांनी म्हातारा झाला होता.

"त्यात काय एवढं?" अप्पा म्हणाले. "आता डबे तळाच्या तेलाचे लागलेत. तळाचं तेल आधी भरलेलं. जुनं असणारच की."

"अप्पा, तेव्हा आपल्या अख्ख्या देशात कुणी शेती करत नव्हतं हो," काझी म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण आनंदानं. "मग पेरलं कुणी?"

"हेच तर मी तुम्हाला विचारायला आलोय. शिकलेली माणसं तुम्ही."

काझी आत जाऊन कागद घेऊन आले. 'संशोधन-वाहन. परवाना तहहयात. कोणत्याही कारणानं दाबयंत्रात घालू नये.' खाली त्यांची सही झालेली होती. धूरमापन अधिकाऱ्याची व्हायची होती. अप्पांनी ते वाचलं, आणि त्यांच्या बोलण्यातली सगळी ऐट एकदम गेली. ते नुसतेच रेणुकाकडे बघत उभे राहिले.

रेणुकानं पेन उघडलं. सही करायची तर वयाखाली मूळ मोजणीही लिहावी लागत होती. ही मोजणी पडद्यावर कुणी कधी उघडत नसे. तिनं उघडली. पहिल्या दिवशी जिवंत कार्बन शंभरात पन्नास. आज पंचवीस. तिनं पुढचे आकडे पाहिले. पन्नासच्या पुढे दशांशात शून्य. पंचवीसच्या पुढेही दशांशात शून्य.

तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. वनस्पती तेलावरच्या नऊ गाड्या गारठून उभ्या होत्या आणि दहावी, अडतीस वर्षांची, संथ धडधडत होती. एवढ्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच तिला काही तरी कळल्यासारखं वाटलं, आणि ते कळायला नको होतं असंही वाटलं.

"सर, हाडांत कुणी काही मिसळत नाही," ती काझींना म्हणाली. "म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. निम्मा जिवंत कार्बन सरला काय आणि ज्यात तो मुळातच नाही असं काही निम्म्याला निम्मं ओतलं काय, यंत्राला दोन्ही सारखंच."

अप्पा म्हणाले, की एवढ्या थंडीत चहा घ्यायला पाहिजे, आणि दाराकडे वळले.

"अप्पा, थांबा. काळ इतका काटेकोर नसतो, एवढं नेमकं माप फक्त घाण्यावरचा माणूस घालतो. मागच्या खेपेला ऊब होती, तेव्हा एक माप करडई, एक माप डिझेल. आता गारठ्यात करडईच्या एका मापाला डिझेलची तीन, म्हणजे थिजत नाही. रांजणबिंजण काही नाही. पंप बंद व्हायच्या आधी तुम्ही डिझेल पुरून ठेवलंय."

अप्पांनी बाहेर जाऊन जीप बंद केली आणि किल्ली आणून टेबलावर ठेवली.