एकोणिसाव्या सेकंदाला

हसायचं त्याने खुशाल हसावं. सांगतोय ते घडलेलं आहे, आणि ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांची आणि माझी भिंत एक आहे.

तेलंगणातलं हनमकोंडा. मे महिन्यातला गुरुवार, सकाळचे साडेनऊ. रात्र नाही, स्मशान नाही... माणसांनी गच्च भरलेला लग्नाचा हॉल.

सदानंदम यांनी तीस वर्षं लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ काढले. त्या दिवशी लग्न त्यांच्याच मुलीचं होतं, श्रावंतीचं. बायको सुगुणा दोन वर्षांपूर्वी गेली. आमच्याकडे बायको नसलेल्याला कन्यादानाला बसता येत नाही, म्हणून धाकटा भाऊ आणि भावजय बसले.

"मी कॅमेऱ्यामागे उभा राहतो," सदानंदम म्हणाले. "तिथून तर कोणी उठवणार नाही ना?"



पण त्यांना खरी धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची.

जाण्याच्या आदल्या दिवशी सुगुणा म्हणाली होती, "अहो, श्रावंतीसाठी चार शब्द बोलते, रेकॉर्ड करा. पाठवणीला दाखवा तिला. तिचे हात दुधात बुडवून सासूच्या हाती द्यायला मी काही नसणार."

सदानंदम यांनी नवा फोर-के कॅमेरा पलंगासमोर लावला. नवंकोरं कार्ड घातलं. ते कार्ड निवडताना दुकानदार जहीरभाई कानीकपाळी ओरडला होता, "अण्णा, पोट केवढं मोठं ते बघू नका, गिळायचा वेग बघा! हा ठळक आकडा वाचायच्या वेगाचा. लिहायचा वेग कोपऱ्यात, मुंगीएवढा छापलाय. फोर-केला तोच लागतो."

"तीस वर्षं मी काय गवत उपटलं?" असं म्हणून सदानंदम सगळ्यात मोठं कार्ड घेऊन आले होते.

त्यांनी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या तोंडावरचा लाल दिवा लागला.

सुगुणा वीस मिनिटं बोलली. धाप लागायची, थांबायची, पुन्हा बोलायची. सदानंदम कॅमेऱ्यामागे तोंडावर हात दाबून रडत होते. पडद्याकडे बघितलं नाही. बायकोचे शब्दसुद्धा नीट कानात शिरले नाहीत. नंतर निवांत ऐकू, असं वाटलं.

त्या कार्डाला लिहिणं झेपलंच नव्हतं.

आत होते फक्त... एकोणीस सेकंद.

"श्रावंती, बाळा, तुझे हात दुधात बुडवतील ना, तेव्हा मी..."

बस्स. दुसऱ्या दिवशी सुगुणा गेली.

मुलीला हे सांगायचा धीर त्यांना झाला नाही. ती विचारायची आणि हे म्हणायचे, "लग्नाच्या दिवशी दाखवेन गं." अशी दोन वर्षं गेली. आणि तो दिवस उजाडला.

या खेपेला भिंग घेऊन कोपऱ्यातला आकडा वाचून दोन कार्डं आणलेली. दुकानातच तासभर चालवून पाहिलेली. एकदाही अडखळली नाहीत.

मुहूर्त लागला. आमच्या रीतीप्रमाणे नवरा-नवरीने एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ धरला. सदानंदम यांनी बटण दाबलं.

कॅमेरा थांबला.

एकोणिसाव्या सेकंदाला...

दुसरं कार्ड घातलं.

एकोणीस.

सनई-ढोलाने हॉल दणाणत होता, पण कानावरच्या हेडफोनमध्ये... काहीच नाही. सुनसान.

मग एक धाप ऐकू आली. थांबून... पुन्हा एक.

ती धाप त्यांनी तीन महिने उशाशी बसून ऐकली होती.

हेडफोन खेचून काढले. "लग्न तू घे बाबा मोबाइलवर," पुतण्याला म्हणाले. कॅमेऱ्यातून बॅटरी काढून खिशात टाकली आणि तो मुका कॅमेरा नवरीच्या खोलीत कपाटावर नेऊन ठेवला.

जेवणं आटोपली. पाठवणीसाठी ताटात दूध आलं. आता लपवणं शक्य नव्हतं. एकदाचं खरं सांगून टाकावं म्हणून सदानंदम खोलीच्या दारात गेले.

श्रावंती एकटी होती. काजळ गालांवर ओघळलेलं.

"नान्ना," ती बापाच्या गळ्यात पडली. "ऐकलं मी. सगळं ऐकलं."

"काय ऐकलंस?"

"अम्माचं बोलणं! कॅमेऱ्यात लावून ठेवलंत ना? पडदा काळा होता, पण आवाज अगदी जवळून. वीस मिनिटं बोलली."

सदानंदम यांचा हात खिशाकडे गेला.

बॅटरी खिशातच होती...

त्यांना घाबरायचंही सुचलं नाही. एवढंच विचारलं, "काय म्हणाली गं?"

"ते माझ्यापुरतं आहे म्हणाली." श्रावंतीने डोळे पुसले. "तुमच्यासाठी एकच निरोप आहे. मला काही कळला नाही."

"सांग."

"म्हणाली... 'लाल दिवा लगेच विझला होता, मला समोर दिसत होतं. पण ते इतके रडत होते, मग कशाला सांगू? मी आपली बोलत राहिले.'"

सदानंदम तिथेच उंबऱ्यावर बसले. पाठवणीला बाप हवा म्हणून दोघांनी धरून उठवलं.

श्रावंती सुखात आहे. ते वीस मिनिटांचं बोलणं तिने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. कार्डं जहीरभाईने तपासली, दोन्ही ठणठणीत.

कॅमेरा सदानंदम यांनी विकला नाही. दुपारी सगळी गल्ली झोपली की भिंतीपलीकडून बटणाचा आवाज येतो. मग शांतता. मी नको नको म्हणत आकडे मोजतो... सतरा, अठरा, एकोणीस...

मग सदानंदम यांचा आवाज येतो, "माझ्याशीही बोल ना गं, सुगुणा. आता नाही रडणार मी."

आणि ते रडायला लागतात.