पक्षी हाकणाऱ्यांची सुट्टी

नौदलाच्या हवाई तळावर, धावपट्टीलगतच्या खोलीत मनोहर अणावकरांनी अभावयंत्राचा निकाल पुन्हा वाचला. 'पक्षी हाकण्याचे कंत्राट : अनावश्यक.' अणावकर खर्चनियंत्रण अधिकारी. निवृत्तीनंतर तेही कंत्राटावरच परत आलेले. त्यांनी मान्यता दिली, की फटाके वाजवत धावपट्टीवर फिरणारी तुकडी उद्यापासून घरी बसणार होती.

"द्या मान्यता," वैमानिक कमांडर वसुधा कीर म्हणाल्या. "उद्या पहिलं विमान माझंच आहे. इंजिनात घार शिरली, तर तुमचं नाव घेत खाली येईन."

अणावकर ओशाळले. "मी तज्ज्ञ नाही, मॅडम. पण यंत्र तळाची आभासी प्रतिकृती उभी करतं, तिच्यातून एक सेवा काढून घेतं आणि पुढची दहा वर्षं चालवून बघतं. काहीच बिघडलं नाही, तर त्या सेवेवरचा खर्च वाया."

"आणि प्रतिकृतीतल्या पक्ष्यांना कोण सांगतं, कुठं उतरायचं ते?"

"आपल्या रडारच्या नोंदी."

"त्यात पक्षी कुठून येणार? आमची माणसं उतरू देतात का त्यांना?"

अणावकरांना मेख कळली. काम चोख म्हणून नोंद कोरी, आणि नोंद कोरी म्हणून काम निरुपयोगी. पण ही झाली शंका. यंत्राला पुरावा लागे.

"एक दिवस उड्डाणं आणि हाकणं दोन्ही थांबवून बघता येईल?"

"परवानगी मागा, पावसाळ्यापर्यंत येईल. आमची विमानं जमिनीवर राहतात ती फक्त शिमग्याला."

"शिमग्याला का?"

"तुकडी सगळी एकाच गावची. पालखी नाचवायला जातात. त्यांना अडवायची कंत्राटदाराची काय बिशाद? म्हणून आम्हीच उडत नाही."

"रडार मात्र चालू असतं?"

"ते कसं बंद ठेवणार?"

अणावकरांनी नोंदी उघडल्या. कामकाज नसलेले दिवस गाळावेत, या नियमाप्रमाणे यंत्राने शिमगा वगळला होता. त्यांनी तो परत घातला. पडद्यावरची धावपट्टी घारी-बगळ्यांनी भरून गेली. प्रतिकृतीतलं पहिलंच विमान समुद्रात कोसळलं, आणि निकाल पालटला : 'आवश्यक.'

कीर खुर्चीत मागे रेलल्या. "चला. आता चहा पाजा."

तेवढ्यात खाली नव्या ओळी उमटल्या. 'जी सेवा कधीच थांबत नाही, तिची गरज मोजता येत नाही. प्रत्येक कंत्राटी सेवेला वर्षातून एकदा सुट्टी द्यावी. आरंभ : म. अणावकर. आजवरच्या रजा : शून्य.'

"घ्या," कीर हसल्या. "तुमच्यावाचून काय अडतं ते कळेल तरी."

नेमकं हेच कळू नये म्हणून अणावकरांनी इतकी वर्षं रजा टाळली होती. त्यांनी रजेचा अर्ज उघडला. मग म्हणाले, "शिमग्याची घेतो. पालखीला बाहेरच्याचा खांदा चालतो का हो?"

"चालतो की. पण तेव्हा तळच बंद असतो. तुमच्यावाचून कुणाचं काही अडायचं नाही."

"नाही अडलं तरी चालेल," अणावकर म्हणाले, आणि ते खरं आहे हे जाणवून चहा सांगायला उठले.