पडवीतला बल्ब

पालमचा वायरमन बन्सीधर भुताखेतांचं नाव निघालं की तोंड वाकडं करायचा. खेड्यातली माणसं म्हणजे मेंढरं, असं उघड म्हणायचा. साल त्र्याऐंशी असेल. जवळच्या एका गावच्या आबासाहेबांनी त्याला बोलावलं आणि काम ऐकूनच त्याला हसू फुटलं. मागच्या पडवीत दिवा लावायचा होता. कशासाठी, तर आवाज बंद व्हावा म्हणून!

"सासूबाई गेल्या तवापासून येतो," आबासाहेबांची बायको सगुणाबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली. "रोज दिवेलागणीला. 'दिवा लावा की गं,' म्हणत्यात. डोळे गेले हुते त्यांचे... इथंच खाट हुती."

"डोळे गेल्यावर दिवा कशाला पाहिजे?" आबासाहेब म्हणाले. "उगा मीटर फिरवायचं."

बन्सीधरनं त्यांच्याकडं पाहिलं. घरभर ट्यूबलाइट, आणि आईच्या खाटेवर काळोख! भुतापेक्षा हा माणूसच त्याला किळसवाणा वाटला.

"तसलं काय नसतंय," तो म्हणाला. "रिकामी डोकी, दुसरं काय."

स्वयंपाकघरातल्या बोर्डातून वायर घ्यायची, भिंतीतून काढून पडवीत होल्डर बसवायचा, एवढंच काम. त्यानं मेन बंद केला, फ्यूज उपसून खिशात टाकला. उन्हं उतरली होती. पडवीत जुन्या गोधड्यांचा आणि एरंडेलाचा कुबट वास कोंडला होता. होल्डर ठोकून, वायर जोडून त्यानं बल्ब अडकवला.

मागून कुणीतरी हळूच विचारलं, "लावला का रे?"

सगुणाबाई असेल म्हणून तो वळलाही नाही. "लावायलोय. दम धरा जरा."

"लय दिवस धरला..."

आवाज खालून आला होता, खाटेवर पडलेल्या माणसाचा यावा तसा. बन्सीधर गर्रकन वळला. पडवी मोकळी होती. नवरा-बायको पार पुढच्या ओट्यावर बोलत होते.

आणि बल्ब लागला.

त्यानं खिसा चाचपला. फ्यूज तिथंच होता. वायरीला टेस्टर लावला; टेस्टर पेटेना. घर सगळं अंधारात, आणि पडवीत बल्ब भगभगत होता. त्यानं घाईनं वायर कापली. उजेड जरासुद्धा हलला नाही.

"आता कसं..." आवाजात समाधान होतं. "आबाला बोलव. तोंड बघू दे त्याचं..."

बन्सीधर भेलकांडत ओट्यावर आला. खरं सांगून आबासाहेबांना पडवीपासून लांब ठेवता आलं असतं. पण त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि जीभ वेगळंच बोलली. "आबासाहेब, तुमाला बोलवायल्यात."

"कोण?"

"जा तर खरं."

आबासाहेब कुरकुरत आत गेले. बऱ्याच वेळानं परतले ते भिंत चाचपत. डोळे टक्क उघडे होते.

"दिवा का घालवला रे?" ते ओरडले. "सगुणा... कंदील तरी आण!"

पडवीतून येणारा उजेड त्यांच्या तोंडावर लख्ख पडला होता.

परभणीच्या डॉक्टरांना डोळ्यांत दोष सापडला नाही. आवाजही पुन्हा आला नाही. श्रावणात सगुणाबाईनं बल्ब काढून न्यायला सांगितलं, तेव्हा बन्सीधर दिवसाउजेडी गेला. बल्ब पिशवीत टाकून, चहापाणी होऊन निघाला तोवर झाकड पडली होती, अंधारून आलं होतं. त्यानं उगाच मागं वळून पाहिलं.

पडवीत मिट्ट काळोख होता. त्या काळोखात रिकाम्या होल्डरभोवती पावसाळी किडे दाटीनं घिरट्या घालत होते... आणि पंख जळून टपटप खाली पडत होते.