कण्हायची मुभा

शालनताई वॉर्डात शिरल्या आणि भिंतीवरचा आकडा चौसष्टवरून एक्केचाळीसवर आला. रोजचंच! त्यांची वाट बघत टपूनच बसायचा मेला.

तो होता त्यांच्या नवऱ्याचा, दिगंबररावांचा सुखांक. छातीवर चिकटवलेली नाण्याएवढी चकती नाडी, घाम, स्नायूंचा ताण टिपायची आणि माणसाचे दिवस कसे चाललेत त्याला शंभरपैकी गुण द्यायची. "कसं वाटतंय?" असं रुग्णाला आता कुणी विचारतच नसे. दिगंबररावांचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. किरणोपचार चालू होते ते गाठ घालवायला नव्हे, नुसती कळ कमी करायला. पण सुखांकाची सरासरी पन्नासाच्या खाली राहिली, की उपचार निरुपयोगी ठरवून बंद व्हायचे.

म्हणून डॉक्टर इरावती कागवाडेंनी शालनताईंना बाजूला घेतलं. "काकू, आता भेटायला येऊ नका."

"म्हणजे? बेचाळीस वर्षं संसार केलाय मी! उरलेत किती दिवस, आणि तेही घरी बसून काढू?"

"तुम्ही नसलात की ते कण्हतात, नर्सवर ओरडतात. तुम्ही आलात की हसतात, तुमचा शिरा गिळतात. कळ दाबून धरायला सगळी ताकद लागते हो. चकतीला हसू दिसत नाही, ताण दिसतो."

शालनताईंना यंत्राचा राग आला, डॉक्टरांचा आला आणि सगळ्यात जास्त नवऱ्याचा आला. मुतखड्यानं गडाबडा लोळतानासुद्धा हा माणूस "गॅस झालाय" म्हणत होता! त्या तरातरा खाटेपाशी गेल्या.

"ये, ये. आज एकदम झकास वाटतंय बघ," दिगंबरराव म्हणाले.

"खोटं बोलू नका. कण्हा."

"अगं, हे काय भलतंच?"

"कण्हा म्हणते ना! नाहीतर मला घरी धाडतायत."

दिगंबररावांचा चेहरा पिळवटला आणि तोंडातून जो आवाज निघाला, तो शालनताईंनी बेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता. भिंतीवर सत्तेचाळीस झाले. मग त्रेपन्न. मग साठ.

"आई गं... शालन, नाही गं सहन होत."

"छान!" डॉक्टर आकड्याकडे बघत म्हणाल्या. "बसा काकू. हवं तितका वेळ बसा."

शालनताई बसल्या. उठून पळून जावंसं वाटत होतं. त्यांनी खाटेचा दांडा घट्ट धरला आणि चेहऱ्यावर हसू आणलं.

"कण्हा हो, खुशाल कण्हा," त्या म्हणाल्या. "मला काही होत नाही."

त्यांच्या छातीवर चकती नव्हती.