गिरकीतला चेहरा

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो छताला लटकत होता, आणि त्याला तिथे लटकवणारी मीच होते.

विशीत होते मी. एका संकलकाच्या हाताखाली नुकतीच कामाला लागले होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. आता तुम्ही मुली फोनवर बोट फिरवून सिनेमा कापता. आमच्या वेळी सिनेमा हातात धरता यायचा. पांढरे सुती हातमोजे घालायचे, फिल्मची पट्टी दिव्यासमोर धरायची, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, कापायची आणि चिकटपट्टीने पुढच्या पट्टीला जोडायची. नको असलेले तुकडे मागे एका चौकटीवर चिमट्यांनी टांगलेले असत, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे.

सिनेमा ब्रेकडान्सचा होता. त्या काळी हिप हॉपचं वारं असं काही सुटलं होतं की धडधाकट मुलं रस्त्यात पुठ्ठे अंथरून लोळायची आणि आया दारातून हाका मारून थकायच्या. मला त्या नाचातलं ओ की ठो कळत नव्हतं. मास्तरांनी एक पट्टी हातात दिली आणि म्हणाले, "ही गाण्याच्या शेवटाला जोड." मी ती दिव्यासमोर धरली. माणसाचे पाय वर, डोकं खाली. म्हटलं, अगंबाई, पट्टी उलटी धरली की मी. सरळ केली, नीट जोडली, आणि आपलं लक्ष किती बारीक आहे म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या छोट्या थिएटरात सगळे ते गाणं बघायला बसले. शेवट आला... आणि पडद्यावर एक माणूस डोक्याने छताला चिकटलेला, पाय खाली हवेत, गरागरा फिरतोय. पंखाच जणू. भोवती टाळ्या पिटणारी मंडळी वटवाघळांसारखी लोंबकळतायत.

दिग्दर्शकांनी कपाळावर हात मारला. निर्माते मात्र पुढे सरकून बसले. "हे झकास आहे," ते म्हणाले. "हे कसं केलंत?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझी नोकरी गेलेली मला स्पष्ट दिसली. तेवढ्यात मागच्या रांगेतून हसू फुटलं. कुणीतरी इतकं हसत होतं की खुर्चीवरून खाली आलं. दिवे लागले. काटकुळा, लांब हातापायांचा एक मुलगा, डोक्याला लोकरी टोपी, जमिनीवर बसून डोळे पुसत होता.

"मला पंखा कोणी केला?" त्याने विचारलं.

"मी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"छान केलंत. गरम होत होतं सगळ्यांना."

नोकरी वाचली ती त्याच्यामुळे. मास्तर म्हणाले, "या बाईला वर कुठलं आणि खाली कुठलं, हे रोज येऊन सांगत जा." आणि तो इतका आज्ञाधारक निघाला की खरोखर रोज यायला लागला.

त्याला सगळे भोवरा म्हणत. त्याची आणि त्याच्या मित्रांची टोळी एका बंद गोदामात नाचायची. सिनेमातला सगळा नाच त्यांचा होता. पोस्टरवर मात्र फक्त हिरो होता, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की हिरो स्वतः नाचला आहे. हिरो दिसायला राजबिंडा, पण उभा राहण्यापलीकडे त्याची मजल नव्हती. बुटाची नाडी बांधायला वाकला की खोलीतले सगळे श्वास रोखायचे. म्हणून त्याचंच जाकीट, त्याचीच टोपी घालून भोवरा डोक्यावर फिरायचा. हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी आम्हा सगळ्यांना सक्त ताकीद होती. मी तोंड उघडलं असतं तर मी घरी बसले असते, आणि त्या टोळीला पुन्हा कुठल्या स्टुडिओने दारात उभं केलं नसतं.

माझं काम एकच. जिथे भोवऱ्याचा चेहरा दिसेल तिथे कापायचं आणि हिरोचा जोडायचा. त्यासाठी हिरोला दोन माणसांनी घोट्यांना धरून उलटं टांगलं होतं. बिचाऱ्याचं तोंड बिटासारखं लाल झालेलं, आणि तशातही तो दात दाखवून हसत होता.

म्हणजे बघा, ज्या चेहऱ्याला सिनेमात जागा नव्हती, तो दिवसभर माझ्या मांडीवर पडलेला असायचा. हसताना, दमलेला, ओठ चावून तोल सांभाळणारा...

"आज पुन्हा कापलंत ना मला?" तो दारातूनच विचारायचा.

"कामच आहे ते."

"दुखतं हो."

"कुठे?"

"मानेच्या वर. तिथेच कापता तुम्ही."

"मग कॅमेऱ्याकडे मान वळवायची नाही."

"डोक्यावर फिरताना मान वळवत नाहीत, बाई. वळली तर थेट दवाखान्यात नेतात."

मी पट्टीत डोकं खुपसून बसायचे, म्हणजे त्याला माझं हसू दिसायला नको. पण खोलीतला दिवा टेबलाखालून वर यायचा, आणि त्या उजेडात चेहऱ्यावरचं काही म्हणजे काही लपत नसे. 'अहो'वरून तो 'अगं'वर कधी आला मला कळलंच नाही. कळलं असतं तरी मी काही त्याला अडवणार नव्हते.

एका दुपारी पत्र्यावर पावसाची सर कोसळत होती. तो म्हणाला, "तुझ्या घरी कोण असतं?"

"आत्या."

"कशी आहे?"

"शाळेत कवायत शिकवते."

तो जरा सरळ बसला.

आत्यानेच मला लहानाची मोठी केली होती. तिच्या आयुष्यात दोनच अवस्था होत्या, सावधान आणि विश्राम. आणि विश्राम तिला फारसा पसंत नव्हता. तिच्या नजरेत माझ्यासाठी एक मुलगाही होता. सरकारी नोकरी, डोकं वर, पाय खाली, सगळं जागच्या जागी. मी तिला म्हटलं, "आधी एकाला भेट." ती म्हणाली, "आण."

भोवरा आला. इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट. आणि मोठ्यांसमोर टोपी घालून बसू नये म्हणून त्याने टोपी काढली. मी मनात म्हटलं, संपलं. डोक्याच्या मधोमध, ऐन टाळूवर, गोल गुळगुळीत चकती. एकही केस नाही.

आत्याने ती चकती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत चकतीकडे.

"हे काय झालं?"

"कामामुळे झालंय, आत्या."

"तुझी आत्या मी कधीपासून?"

"कामामुळे झालंय... बाई."

"काय काम करतोस?"

"नाचतो."

"नाचून जोडे झिजतात. टाळू नाही झिजत."

"मी डोक्यावर नाचतो."

आत्याने हातातली बशी खाली ठेवली. "कुठे?"

"सिनेमात. तो ब्रेकडान्सचा येतोय ना... त्यात आहे मी."

"त्याचं पोस्टर आमच्या शाळेसमोरच लागलंय. त्यात तर तू नाहीस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आत्याला वर्गात चोरी पकडायची सवय. तिने आम्हा दोघांकडे तसंच पाहिलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "सिनेमा लागला की मी येते बघायला. तू त्यात असलास तर पुढचं बोलू. नसलास तर या दारात पुन्हा यायचं नाही. माणूस टकला असला तरी चालेल मला, खोटारडा नको."

घराबाहेर पडल्यावर तो जिन्यातच बसला.

"कात्री," तो म्हणाला. हे नाव त्यानेच मला ठेवलं होतं. "मला एकदा तरी ठेव ना त्यात. फार नाही... पापणी लवेपर्यंत."

"आत्याची पापणी लवत नाही," मी म्हटलं. "तेवढं पुरेल."

तसा एक तुकडा माझ्याकडे होता. शेवटच्या लांब गिरकीनंतरचा. तो फिरता फिरता थांबतो, जमिनीवर येतो, आणि दमलेला, घामाघूम, थेट समोर बघून हसतो. चौकटीवरचा तो चिमटा मी कधी रिकामा होऊ दिला नव्हता. मास्तर जेवायला गेले तेव्हा मी तो तुकडा गिरकी आणि हिरोच्या मध्ये जोडला. मास्तरांना हे दिसलं नाही तर सिनेमा प्रती छापायला जाईल, मग कुणाच्या हातात काही राहणार नाही... आणि दिसलं, तर माझं इथलं दाणापाणी संपलं.

त्याला बोलावलं. टेबलाच्या छोट्या काचेवर गाणं चालवलं. गिरकी सुरू झाली, वेग वाढला, पाय मिटले, तो नुसता रंगाचा एक खांब झाला... आणि मध्येच त्याचं हसू आलं. मग हिरो.

मी त्याच्याकडे पाहिलं. वाटलं होतं, खूश होईल. तो भुवया आवळून बसला होता.

"परत दाखव."

परत दाखवलं.

"आता याच्याशिवाय दाखव."

मी तुकडा सोडवला, कडा जुळवल्या, चालवलं. गिरकी थेट हिरोच्या डोळ्यांत जाऊन थांबली. कुठेही खटका नाही. कुणी म्हटलंच नसतं की ही दोन माणसं आहेत.

त्याने सुटलेला तुकडा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "काढ मला."

"अरे पण आत्या..."

"मी मध्ये आलो की गिरकी पडते गं. लोक गिरकी विसरतील आणि विचारतील, हा कोण? एवढं फिरायला शिकलो ते असं पाडायला नाही." थोडं थांबून म्हणाला, "आणि तुझी नोकरी."

"आधी नोकरी म्हणायचं होतंस," मी म्हटलं. "म्हणजे मला रडू तरी आलं असतं."

पण रडू आलंच. हातमोज्याने डोळे पुसले आणि डोळ्यांभोवती काळं झालं, मोज्यावरच्या मेणाच्या पेन्सिलीने.

सिनेमा लागला. आत्या कडक इस्त्रीची साडी नेसून आली, ताठ बसली. हिरो चालला, हिरो बोलला, हिरोने हिरॉईनला पुरातून वाचवलं. आत्या हूं की चूं करेना. मग शेवटचं गाणं आलं. गिरकी सुरू झाली आणि माझ्या शेजारची खुर्ची करकरली. आत्या पुढे वाकली होती. तिची पर्स मांडीवरून घरंगळून खाली पडली, ते तिला कळलं नाही. मी अंधारात पर्स शोधत होते आणि मनात म्हणत होते, बघून घे आत्या, तोच आहे. तोच आहे तो.

बाहेर तो खांबापाशी उभा होता. टोपी हातात.

"दिसलो का?" त्याने विचारलं. आवाज इतका बारीक की मला कीव आली.

"नाही," आत्या म्हणाली.

"हो. नाहीच दिसलो."

"म्हणजे खोटं बोललास."

"नाही."

"मग होतास कुठे?"

दोन शब्दांत सुटलं असतं सगळं, पण त्याने ते दोन शब्द काही उच्चारले नाहीत. गर्दी आमच्या बाजूने जात होती. तरुण पोरं हिरोचं नाव घेऊन शिट्ट्या मारत होती. तो ऐकत होता, आणि हसत होता... खरंच हसत होता, जणू ती पोरं त्यालाच काही सांगून जातायत.

आत्या त्याच्याकडे एकटक बघत होती.

"अर्धं आयुष्य मैदानावर गेलंय माझं," ती म्हणाली. "तो पोस्टरवरचा उभा असतो तेव्हा कपाटासारखा असतो. आणि डोक्यावर गेला की पाण्यात सोडलेला मासा. कपाटाचा कधी मासा होत नाही." तिने आवाज खाली आणला. "मी काही विचारत नाही. तुम्ही काही सांगू नका. तोंडं शिवून उभे आहात म्हणजे कुणीतरी शिवली असणार."

भोवऱ्याच्या हातातली टोपी खाली पडली.

"उचल ती," आत्या म्हणाली, "आणि घाल. टाळूला वारा लागतोय." मग ती बस थांब्याकडे चालू लागली, आणि मागे न बघता म्हणाली, "काय बोलायचं ते बोला. बस येईपर्यंत."

बोलायला तो मोकळा होता. डोक्यावर उभं राहून सगळ्या गावाला हसवणारा माणूस. पायांवर उभा राहिला आणि त्याची जीभ टाळूला चिकटली.

"म्हणजे आता... आपण... तुझी हरकत नसेल तर..."

"कशाला?"

"त्याला."

"त्याला म्हणजे?"

"तू मध्येच कापतेस गं."

"ते टेबलावर. इथे पूर्ण होऊ देते. बोल."

तो टोपी गोल गोल फिरवत राहिला. तोंड उघडायचा, मिटायचा. तिकडे वळणावर बसचे दिवे दिसायला लागले. मी विचार केला, याच्या भरवशावर राहिले तर म्हातारी होईन.

"माझ्याशी लग्न करशील?" मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. कान लाल झाले. बस थांब्याला लागली, दार उघडलं, माणसं चढली.

"अरे, हो म्हणायला एवढा वेळ?" तिकडून आत्या म्हणाली. "बस थांबलीय."

"हो," तो म्हणाला. मला म्हणाला की आत्याला, ते मी अजून विचारलेलं नाही.

पण त्याचं 'हो' येईपर्यंत आत्याने पायरीवरचा पाय परत खाली घेतला होता. बस निघून गेली. आम्ही तिघं चालत घरी आलो, आत्या मधोमध.