मुठीवरची पट्टी

ही गोष्ट माझ्यावर बेतलेली आहे. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर चार टाक्यांचे वण आहेत. शंका असेल त्यानं निरगुडसरला येऊन बघावेत.

२००६ सालची खंडेनवमी. दुपारचे तीन.

माझा थोरला भाऊ सोमाजी आणि त्याचा जिवलग दादाभाऊ, दोघं पेठच्या बाजूला बंगल्यांची मेंदीची कुंपणं छाटायचे. विजेवरचं कटर होतं. दोन मुठी, दोन बटणं. दोन्ही दाबली तरच पातं चालणार. एक हात सुटला की बंद.

आदल्या वर्षी दादा, म्हणजे सोमाजी, शिडीवरून पडला. पातं मांडीत गेलं. मंचरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"लई घायकुता," दादाभाऊ रडत म्हणाला. "पडताना बी बटणं सोडली न्हाईत त्यानं."

मी ते मानलं. गावभर सांगितलंही, चूक दादाचीच होती म्हणून. दादाच्या बायकोनं, हिरावहिनीनं, ते माझ्याच तोंडून ऐकलं.

मग कटर मी हातात घेतलं, दादाभाऊच्या जोडीनं. आम्ही एका ताटात जेवायचो.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची, चालवायची नाहीत. मी ओसरीवर कटर पुसायला घेतलं. प्लग काढलेला, वायर गुंडाळून शेजारी. त्यात लोडशेडिंग. गावात एक मोटर चालू नव्हती.

पुढची मूठ पुसायला गेलो, तर...

बटणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली. फवारणी पंपाचा खटका दाबलेला राहावा म्हणून आपण बांधतो, तशी.

मी बांधली नव्हती.

सोडली. अंगणात फेकली. आत जाऊन तेलाची बाटली घेऊन आलो.

पट्टी परत मुठीवर...

घरात मी आणि वहिनी. वहिनी चुलीपाशी.

तेवढ्यात दादाभाऊ पूजेचा नारळ घेऊन आला. त्याची नजर मुठीवर गेली. नारळ हातातून सुटला.

"ती... ती तर मी त्याच दिशी चुलीत घातली व्हती!"

मला कळायला क्षण लागला.

"कोणती पट्टी, दादाभाऊ?"

तो खालीच बसला.

"एका हातानं फांदी धरता येती, म्हनून मीच बांधली व्हती, अमृता. सोमाजीला सांगायचं राह्यलं."

वर्षभर याच्याच ताटात जेवलो मी! डोळ्यांपुढं अंधारी आली. तोल सावरायला हात टेकला, तो पात्यावर.

टक...

टक... टक...

प्लग नाही. वीज नाही. पातं चाललं.

रक्त बघून दादाभाऊ पळाला. मागं वळूनही बघितलं नाही त्यानं.

वहिनी धावत आली. तिनं पदर फाडून बोट बांधलं. मी रडत तिला सगळं सांगितलं.

"पट्टी त्यानं बांधली, वहिनी. समोर बसला होता तो. मग दादा माझ्यावर का उठला?"

गाठ मारता मारता ती थांबली.

"दादाभाऊ परका व्हता, भावजी. तुमी सख्खं."

गावभर फिरून मी माझे शब्द मागं घेतले. वहिनीच्या पाया पडलो. तिनं माफ केलं.

कटर विकलेलं नाही. दर खंडेनवमीला पुसतो. पात्यावर बोट ठेवायची वेळ आली की हात थांबतो...

दादानं माफ केलं का, ते कळायला दुसरा मार्ग नाही.