हात वर होईपर्यंत

सॅक भरून झाल्या का? टॉर्चमध्ये सेल घातले? मग बसा जरा. उद्या पहाटेच निघायचं आहे तुम्हाला, कॉलेजच्या कॅम्पला, नदी बघायला. जा, बघा. नदी बघण्यासारखीच असते. पण जाण्याआधी आपल्या कोपर गावच्या दामाजीचं ऐकून जा. खाडीकाठचा कोळी, माझ्या बरोबरीचा. त्यानं हे मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी त्याचा विषय काढला नाही.

दामाजी एका कॉलेजात भूगोलाच्या लॅबमध्ये शिपाई होता. अठरा वर्षं. नकाशे टांगायचे, दगडांचे नमुने पुसायचे आणि वर्षातून एकदा पोरं कॅम्पला निघाली की सामान वाहायचं. एकोणनव्वद साली दसरा झाल्यावर कॅम्प ठरला. चाळीस पोरंपोरी, तीन दिवस, खडवलीला नदीकाठी तंबूत. शनिवारी कोजागिरी, म्हणून पोरं आणखी खूश.

तयारी मेहेंदळे सरांकडे होती. श्रीपाद मेहेंदळे. नदी डोंगर कसा कापते, वाळू कुठे आणून टाकते, हे त्यांचं शास्त्र. ते त्यांना येत होतं, नाही म्हणायचं नाही. त्यापलीकडचं जे काही होतं तो त्यांच्या लेखी कचरा. पोरांना त्यांनी यादी वाटली. ताट, वाटी, पांघरूण, हंटर शूज, होकायंत्र. एकानं विचारलं, विंचवाचं औषध आणू का. सर म्हणाले, आण, आणि सोबत आईलाही आण. एका पोरीचे वडील विचारायला आले की जागा धोक्याची नाही ना. त्यांना दारातूनच वाटेला लावलं आणि ते जिना उतरेपर्यंत त्यांच्या चालण्याची नक्कल करून वर्गाला हसवलं.

सगळ्यात जास्त हसं मात्र दामाजीचं व्हायचं. कॉलेजच्या मैदानावर लेव्हलचा सराव चाललेला. लेव्हल म्हणजे तिपाईवर बसवलेली दुर्बीण. एकानं तिच्यातून बघायचं, दुसऱ्यानं लांब जाऊन आकडे रंगवलेली उंच काठी धरून उभं राहायचं. काठीवरचा आकडा वाचला की जमिनीचा चढउतार कळतो. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. माणूस डोक्यावर उभा, पाय वर. सुहासिनी नावाच्या पोरीनं डोळा लावला आणि तिला हसूच आवरेना. म्हणाली, दामाजीकाका वटवाघळासारखे लोंबतायत.

“उलटा काय, सुलटा काय,” सर म्हणाले. “डोकं रिकामंच आहे, सांडणार काही नाही.”

सगळी हसली. दामाजीही हसला. सवय झालेली.

काठीवाल्याला नियम एकच असतो. दुर्बिणीवाल्यानं हात वर केल्याशिवाय जागचं हलायचं नाही. त्या दिवशी सर आकडा वाचून चहाला गेले ते गेलेच. हात वर करायचं विसरले, की मुद्दाम, देव जाणे. दामाजी उन्हात पाऊण तास उभा. गॅलरीत पोरं जमून बघतायत. शेवटी सुहासिनी खाली उतरली, तिपाईजवळ जाऊन उभी राहिली आणि तिनं हात वर केला. दामाजीनं काठी खांद्यावर घेतली. तिच्याजवळून जाताना एवढंच म्हणाला, पोरी, हा हात विसरू नकोस. काठीवाल्याला तेवढाच आधार असतो.

त्यानं स्वतः त्या दुर्बिणीत कधी पाहिलं नव्हतं. अठरा वर्षं लहान मुलासारखी कापडात गुंडाळून वाहिली, पण डोळा लावायची परवानगी नव्हती. शिपायांच्या हाताला तेल असतं म्हणे, भिंग खराब होतं.

गुरुवार, बारा ऑक्टोबर. कोजागिरीला दोन रात्री बाकी. सर आणि दामाजी एक दिवस आधी पुढे गेले, तंबूंच्या जागा आखायला. पोरं शुक्रवारी सकाळी येणार होती. खडवली स्टेशनापासून नदीच्या काठानं वरच्या अंगाला दोन मैल चाललं की काठाला दोन पायऱ्या लागतात, नदीनंच कोरलेल्या. खालची पाण्याला लागून, सपाट, मऊ वाळूची. वरची दोन पुरुष उंच, खडकाळ, तिच्यावर एक आंबा. सरांनी खालची पसंत केली. अंथरुणासारखी जागा आहे म्हणाले.

त्या वाळूत एक बाभूळ होती. तिच्या फांद्यांत, माणसाच्या डोक्याच्याही वर, वाळलेल्या गवताचे पुंजके अडकलेले होते. दामाजी खाडीचा माणूस. पाणी कुठवर येऊन गेलं हे त्याला झाडावर वाचता यायचं. त्यानं बोट दाखवलं. पूर्वेला डोंगरावर ढग बसला होता, तोही दाखवला. म्हणाला, सर, पोरं वर झोपू देत. सर म्हणाले, पाऊस संपला, ते गवत जुलैचं आहे, आणि भूगोल शिकवायचा पगार मला मिळतो.

जवळच्या पाड्यावरची सगुणा पिण्याचं पाणी घेऊन आली. साठीची बाई. सामान तिच्याच पडवीत ठेवलं होतं. खुंट्या कुठे ठोकायच्या त्याच्या खुणा तिनं पाहिल्या आणि हंडा खाली ठेवला.

“तिथं नका लावू, मास्तर. तिथं माझा दीर उभा आहे.”

मग तिनं सांगितलं. तिचा दीर धाकू. पंचवीस वर्षांपूर्वी कुणी मोजणीवाला साहेब आला होता, त्यानं धाकूला रोजावर काठी धरायला घेतलं. साहेब वरच्या काठावर, धाकू खाली वाळूत. हात वर करेपर्यंत हलू नको म्हणाला आणि आकडा वाचून पाड्यात जेवायला गेला. हात वर करायचा राहिला. इथं ऊन होतं. पाऊस वर डोंगरात पडला. पाणी आलं तेव्हा धाकू काठी धरून उभाच होता. पलीकडच्या गुराख्यानं हाका मारल्या. पण तो हलला नाही, त्या साहेबाच्या जागेकडे बघत राहिला. काठी दुसऱ्या दिवशी सापडली. धाकू नाही सापडला.

सरांनी विचारलं, दिराला कोजागिरीचं दूध किती साखरेचं लागतं.

सगुणा हंडा उचलून गेली. दामाजीला आधी सरांची लाज वाटली. मग लाजेच्या मागून, अठरा वर्षांत पहिल्यांदा, त्यांची किळस आली. एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, आणि आत काही म्हणता काही नाही. चाळीस पोरांचे आईबाप याच्या भरवशावर आज निवांत झोपणार होते.

साडेसहा झाले. दिवेलागणीची वेळ. सर वरच्या पायरीवर तिपाईशी, दामाजी खाली वाळूत काठी धरून. शेवटचा आकडा. सरांनी वाचला, हात वर केला आणि खुंट्यांची पिशवी न्यायला त्याला वर बोलावलं. दामाजीनं काठी वाळूवर आडवी ठेवली आणि वर चढला. पिशवी सरांच्या पाठीमागे होती. तो ती उचलायला वाकला.

सरांनी पुन्हा डोळा लावला होता. आकडा पडताळायला.

“काठी सरळ धर,” सर म्हणाले. “हलतेय.”

दामाजीला कळेना, कुणाला म्हणतायत.

“जरा डावीकडे. हां. आता हलू नको.”

दामाजीनं खाली पाहिलं. वाळूवर कुणी नव्हतं. काठी त्यानं ठेवली तशीच आडवी पडली होती.

“सर,” तो हळूच म्हणाला, “मी इथं आहे.”

सरांची पेन्सिल थांबली. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. मग खाली वाळूकडे. मग बाजूला झाले.

दामाजीनं दुर्बिणीला डोळा लावला.

नदी वर होती. आभाळ खाली. बाभळीचा बुंधा वर, शेंडा खाली. सगळं उलटं, पोरगी म्हणाली होती तसं. आणि मधोमध एक माणूस. काठी धरून.

तो सुलटा होता.

सगळं जग उलटं आणि तो एकटाच सुलटा. डोकं वर, वाळूला टेकलेलं. पाय खाली… आभाळात. अंगावर बंडी. ओली. तोंड इकडे. तो रागावलेला नव्हता, दामाजी म्हणाला. नुसता दमलेला होता. वाट बघून बघून दमतो ना माणूस, तसा.

दामाजीनं डोळा काढला नाही. त्यानं हात वर केला.

बराच वेळ काही झालं नाही…

मग त्या माणसानं काठी खाली ठेवली. सावकाश. आणि त्यानं आपलाही एक हात वर केला. दामाजीकडे बघून.

मग वाळू रिकामी होती.

सर म्हणाले, भिंगात ओल शिरली असेल. आवाज बारीक झालेला. थोड्या वेळानं आवाज परत आला, आणि आवाजाबरोबर ते स्वतःही. आपण अशा भाकडकथांना भीक घालत नाही हे दाखवायला त्यांनी स्वतःचा तंबू त्याच वाळूत ठोकायला लावला. उद्या पोरंही इथंच, म्हणाले, आणि त्यांच्या तंबूंच्या खुंट्याही ठोकून घेतल्या. दामाजी काठी आणायला गेला. आजूबाजूची वाळू कोरडी होती. काठी ओली होती. त्यानं ती पुसून कापडात गुंडाळली आणि सगुणाच्या पडवीत नेऊन ठेवली.

नऊ वाजता सर झोपले. चांदणं टिपूर पडलेलं, वारा नाही. दामाजी वर आंब्याखाली बसला होता. त्या हाताचा विचार करत. काठीवाल्याला हात वर केलेला दिसला की त्यानं हलायचं असतं. अठरा वर्षं त्यानं सरांचाच हात पाहिला होता, एकदा काय तो त्या पोरीचा. आज धाकूनं केला होता.

तो उठला. खाली गेला. पोरांच्या तंबूंसाठी ठोकलेल्या सगळ्या खुंट्या उपटल्या आणि वर नेऊन आंब्याभोवती ठोकल्या. नोकरी गेली तर जाऊ दे म्हणाला. शेवटची खुंटी ठोकून तो थांबला.

नदीचा आवाज बंद झाला होता.

वाहत्या पाण्याचा खळखळाट दिवसभर कानात होता. आता नाही. बेडूक नाही. रातकिडा नाही…

दामाजी धावत खाली गेला. तंबूबाहेरून सरांना हाक मारली. आतून सर म्हणाले, चालता हो. पुन्हा हाक मारली. सरांनी त्याच्या जातीवरून, खाडीवरून, आईवरून जे काय बोलायचं ते बोलून घेतलं. दामाजी तिथून निघून गेला असता तरी त्याला कुणी काही म्हटलं नसतं, आणि त्याच्या मनात ते आलं नाही असंही नाही. मग त्यानं तंबूच्या खुंट्या एकेक करून उपटल्या. तंबू सरांच्या अंगावर बसला. आतून मांजर पोत्यात घातल्यासारखी धडपड. सर बाहेर आले ते एका पायात चप्पल, कमरेची लुंगी हातात धरून, आणि शिव्या देत दामाजीच्या मागे चढावर पळाले. उद्याच तुला काढतो म्हणत होते. वरच्या पायरीवर पोचून दामाजी थांबला. सरांनी त्याची कॉलर धरली.

मागे कापड फाटल्यासारखा आवाज झाला.

सर वळले. तंबू नव्हता. वाळू नव्हती. चांदण्यात नुसतं काळं पाणी, आणि त्यात बाभळीचा शेंडा.

सर खाली बसले. दामाजी उभाच होता. 

सकाळी पोरं आली. पाणी ओसरलं होतं, वाळूच्या जागी चिखल. पोरं घाबरून बघत राहिली. सरांनी तोवर दाढी केली होती. आंब्याखाली उभं राहून त्यांनी पहिलं लेक्चर दिलं, की भूरूपाचा अभ्यास असला की जागा कशी निवडता येते, बघा, मी वरची पायरी का निवडली. पोरांनी वहीत लिहून घेतलं. दामाजी चुलीला लाकडं फोडत होता. त्यानं वर पाहिलंही नाही. थुंकावं इतकीही त्या माणसाची किंमत त्याच्या मनात उरली नव्हती.

दहा वाजता सुहासिनी पडवीतून काठी घेऊन आली. कापड सोडलं आणि थबकली.

“दामाजीकाका, ही काठी कुणी धरली होती?”

काठीवर छातीच्या उंचीला चिखलाचा पंजा उमटला होता. चार बोटं आणि अंगठा, अगदी स्वच्छ, वाळलेला. दामाजीनं ओल्या फडक्यानं पुसला. निघाला नाही. नंतर लॅबमध्ये रॉकेलनं घासला, तरी नाही. ती काठी कपाटामागे उभी असते, कुणी वापरत नाही. दामाजी रिटायर होईपर्यंत दर वर्षी कॅम्पच्या आधी तिच्यापुढे उभा राहून एकदा हात वर करायचा.

त्या दिवशी मात्र सुहासिनीनं त्या ठशावर आपला हात ठेवून पाहिला. बसेना. आपण उभी काठी धरतो तेव्हा अंगठा वरच्या बाजूला येतो. तिनं मनगट वळवलं, कोपर वर नेलं, खाली वाकली, आणखी वाकली, तरी बसेना. ठशाचा अंगठा खाली होता. तो हात नीट बसवायला माणसाला डोक्यावर उभं राहावं लागलं असतं.